लीलया इंग्रजी: नवशिक्यांसाठी क्रियाविशेषणाचा झटपट कोर्स

सर्वप्रथम अभिनंदन. इंग्रजी शिकायचं तुम्ही पुन्हा एकदा मनावर घेतलं आहे. मागच्या खेपेला तुम्ही क्रियापदापासून सुरुवात केलीत, ‘गो, वेंट, गॉन’ पार पडलं, मग ‘लाय, ले, लेन’ आलं आणि पुस्तक माळ्यावर गेलं, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमचा काही दोष नाही. क्रियापद हे काम करणाऱ्या माणसांचं खातं. त्याला काळ सांभाळावा लागतो, ‘ही’ किंवा ‘शी’ समोर दिसली की मागे ‘एस’ लावावा लागतो, प्रश्न विचारायचा तर ‘डू’ला पुढे आणावं लागतं. एवढं सगळं करून वाक्य पुरं झालंच, तर समोरचा विचारतो, ‘मग कधी करताय?’

या कोर्सात क्रियापद शिकवलं जाणार नाही. आपण थेट क्रियाविशेषणाला हात घालणार आहोत. शाळेत त्याला क्रियाविशेषण अव्यय म्हणायचे. अव्यय म्हणजे ज्याला लिंग-वचन-विभक्तीची झळ लागत नाही ते. घालाल तिथे जसंच्या तसं राहतं. शिवाय ते उच्चारलं की काहीतरी घडल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात काही घडावं लागत नाही. ऑफिसात, बँकेत, सोसायटीत ज्याला ज्याला तुम्ही फाडफाड इंग्रजी बोलणारा समजता, त्याच्याकडची ॲक्च्युअली, बेसिकली आणि डेफिनेटली क्षणभर काढून ठेवा आणि काय उरतं ते बघा.

पात्रता: महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधीची मंडळी पाचवीत एबीसीडीला लागलेली. दोघांनाही प्रवेश आहे. पाचवीवाल्यांना इंग्रजी बोलायची लाज वाटते, पहिलीवाल्यांना मराठी बोलायची, एवढाच फरक. हिंदी भाषक मित्रांनाही प्रवेश आहे; त्यांची अडचण चौथ्या पायरीवर सोडवली आहे.

साहित्य: रेन आणि मार्टिन यांचं व्याकरणाचं पुस्तक, एक प्रत. ते उघडायचं नाही, फक्त पाहुण्यांना दिसेल असं ठेवायचं. यातले पी. सी. रेन इथे शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि पुढे फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या शिपायांवर ‘बो जेस्ट’ ही तुफान खपलेली कादंबरी त्यांनी १९२४ साली लिहिली. वाळवंटातली उपासमार, वेढा आणि मृत्यू हा विषय त्यांना कुठे सुचला असेल, हे ज्यांनी आपल्याकडे नववीच्या वर्गात व्याकरण शिकवलं आहे त्यांना विचारा. सोबत रॅपिडेक्सची एक जुनी प्रत असल्यास उत्तम. तिच्या जाहिरातीत विश्वचषक जिंकलेला कपिल देव असायचा. तो तेवढ्यावर बोलू शकत असेल तर आपण का नाही, असा धीर पुष्कळांना आला. गोलंदाजीचं कुणी मनावर घेतलं नाही.

पायरी १. शेवटी ‘ली’ लावा.

स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, सॅडचं सॅडली. झालं. पहिली पायरी इथेच संपली असती, पण तुम्ही पैसे भरले आहेत म्हणून थोडं पुढे जाऊ.

परीक्षेत ‘क्रियाविशेषण अधोरेखित करा’ असा प्रश्न आला की वाक्य वाचत बसू नका, नुसत्या शेपट्या बघत जा. ‘ही वेंट टू इटली विथ हिज फॅमिली इन जुलै.’ इटली, फॅमिली, जुलै. तिन्हींच्या शेवटी एल आणि वाय. तिन्हींखाली रेघ मारा. यात एकही क्रियाविशेषण नाही, पण रेघ सरळ आणि पट्टीने मारलेली असेल तर परीक्षकाच्या मनावर बरा परिणाम होतो.

काही चिकित्सक मुलं विचारतात, मग ‘फ्रेंडली’ हे विशेषण कसं? त्यांना वर्गाबाहेर काढण्यापूर्वी एकदाच सांगून टाका. हा ‘ली’ जुन्या इंग्रजीतून आलेला, आणि त्याचं मूळ नातं आपल्या ‘सारखा’शी आहे. नामाला चिकटला की बहुधा विशेषण होतं: फ्रेंड म्हणजे मित्र, फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा, कावर्ड म्हणजे भित्रा माणूस, कावर्डली म्हणजे त्याला शोभेलसा. विशेषणाला चिकटला की क्रियाविशेषण होतं. ‘डेली’ आणि ‘वीकली’ दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतात. आणि ‘फास्ट’ला कुणीही काहीही लावू शकत नाही, तो आधीच पुढे निघून गेलेला असतो. एवढं कळलं की माणसाला इंग्रजीचं व्याकरण थोडं पटू लागतं. हा मोह आवरा. पटू लागलं की बोलणं थांबतं.

खरी मजा ‘हार्ड’मध्ये आहे. ‘हार्ड’ हेच क्रियाविशेषण. त्याला ‘ली’ लावलं की अर्थ उलटतो: कसून नव्हे, तर जेमतेम, जवळजवळ नाहीच. आता वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. हाताखालच्या मुलीबद्दल साहेबांना चार शब्द चांगले लिहायचे आहेत. ती खरंच राबते. रात्री आठला दिवे बंद करून तीच निघते. साहेब पेन उघडतात, विचार करतात, आणि मनापासून लिहितात: ‘शी वर्क्स हार्डली.’ खाली सही, शिक्का, तारीख. फॉर्म वर जातो. वरचे साहेब वाचतात, मान डोलावतात, बढती देतात, कारण त्यांचं आणि यांचं इंग्रजी एकाच मास्तरांनी केलेलं असतं. मुलीचं नुकसान व्हायचं असेल तर तो फॉर्म चुकून एखाद्या व्याकरण येणाऱ्या माणसाच्या हातात पडावा लागतो, आणि आपल्या ऑफिसांत तशी शक्यता फारशी नसते. तेव्हा बिनधास्त लिहा. ‘लेट’चं ‘लेटली’सुद्धा तसंच. ‘द बस केम लेटली’ म्हणजे बस हल्लीच आली. डेपोत उभं राहून पाहिलं तर हेही खोटं नाही.

‘गुड’ला ‘ली’ लावू नका. तिथे ‘वेल’ येतं. हे मराठी माणसाला जड जातं, कारण आपल्याकडे ‘तो चांगला गातो’ आणि ‘ती चांगली गाते’. म्हणजे ज्याचा व्यय होत नाही असं मास्तर सांगायचे, ते बाईमाणूस आलं की लगेच बदलतं. हिंदीवाला ‘वह अच्छा गाती है’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत आल्यावर मात्र दोघंही ‘शी सिंग्ज गुड’ म्हणतात. राष्ट्रीय एकात्मता आणखी काय असते?

पायरी २. ‘च’ची सोय लावा.

मराठी माणसाला ‘च’शिवाय श्वास घेता येत नाही. आजच, इथेच, मीच, तूच, होच. हिंदीत त्याचं काम ‘ही’ करतो. इंग्रजीत या कामासाठी वेगळा कर्मचारी नेमलेला नाही. ते लोक आवाज चढवून भागवतात. आपण सभ्य माणसं, आवाज चढवणार नाही. आपण ‘ओन्ली’ला कामाला लावू.

दादरच्या पुलावर उभे राहा, मोबाइल कानाला लावा आणि म्हणा: ‘आय ॲम हियर ओन्ली.’ मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे ताबडतोब कळतं. लंडनहून आलेल्या माणसाला वाटेल की तुम्ही इतरत्रही असायला हवे होतात आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत आहात. वाटू द्या. तो दादरच्या पुलावर फार वेळ टिकणार नाही.

कालच, आजच यांच्यासाठी ‘इटसेल्फ’ वापरा. ‘टुडे इटसेल्फ’, ‘मॉर्निंग इटसेल्फ’. व्याकरणाच्या पुस्तकात ते सर्वनाम आहे. आम्ही त्याला बढती दिली आहे.

इंग्रज लोक ‘ओन्ली’ कुठे ठेवायचा यावर पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले आहेत, कारण तो सरकला की अर्थ सरकतो. सोसायटीच्या सभेचा प्रसंग घ्या. ‘ओन्ली रमेश गेव्ह टी टू द कमिटी’ म्हणजे बाकीच्यांनी हात आखडता घेतला. ‘रमेश गेव्ह ओन्ली टी टू द कमिटी’ म्हणजे बिस्किटं नव्हती. ‘रमेश गेव्ह टी ओन्ली टू द कमिटी’ म्हणजे सभासद कोरडे राहिले. एकाच शब्दाच्या जागेवरून तीन तक्रारी, आणि तिन्ही पुढच्या सभेच्या इतिवृत्तात येऊ शकतात. आपण हा धोका पत्करत नाही. आपण ‘ओन्ली’ नेहमी वाक्याच्या अगदी शेवटी ठेवतो, म्हणजे तक्रार सर्वसमावेशक होते: ‘रमेश गेव्ह टी टू द कमिटी ओन्ली ओन्ली.’ दोनदा का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ३. दोनदा म्हणा.

हळूहळू म्हणजे स्लोली स्लोली. दमादमाने आलात, की भाषा आपोआप येते.

पायरी ४. वेळेची क्रियाविशेषणं.

इथे जरा बसून घ्या, ही पायरी मोठी आहे.

आधी हिंदी भाषकांची अडचण. त्यांचा ‘कल’ मागेही जातो आणि पुढेही. कोणता ‘कल’ ते क्रियापद सांगतं: आया था की आएगा. आपल्या कोर्सात क्रियापदच नसल्याने ही मंडळी दोन दिवसांच्या मध्ये लोंबकळत राहतात. त्यांना हसू नका. मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत हे खरं, पण ‘परवा’चं काय? ‘परवा देतो’ आणि ‘परवा दिले’ यांत शब्द एकच. उधारी बुडवण्याइतकी सोय आपल्या पूर्वजांनीही करून ठेवलेली आहे.

आता इंग्रजी. ‘लगेच’ अशा अर्थाचे शब्द त्या भाषेत किती आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं, ते पाहा. ‘सून’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘आत्ताच्या आत्ता’ या अर्थाने वापरत. लोक ‘सून’ म्हणून उशिरा येत राहिले, आणि अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा ढिला पडला. मग ‘ॲनॉन’ पुढे आला. तोही मूळचा ‘तत्काळ’. त्याचीही तीच गत. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, आतल्या खोलीतून राजपुत्राचा मित्र हाका मारत राहतो, आणि पोऱ्या ‘ॲनॉन’चा जप करत मधल्या मध्ये उभा. हे नाटक सोळाव्या शतकाच्या अखेरचं. आपल्या उडप्याकडे ‘आया साब’ म्हणणारा मुलगा त्याचाच वारस आहे, आणि तितकाच जागचा हलत नाही. पुढे ‘प्रेझेंटली’ आला. त्याचाही अर्थ एकेकाळी ‘ताबडतोब’ होता. तो ‘थोड्या वेळाने’वर घसरला, आणि आता आपल्याकडे व अमेरिकेत ‘सध्या’ म्हणून पेन्शनीत निघाला आहे.

थोडक्यात, इंग्रज माणूस हजार वर्षं ‘आत्ता करतो’ म्हणत आला आणि ते न केल्याचा पुरावा त्याच्या शब्दकोशात जमा होत गेला. तुम्ही फक्त या थोर परंपरेत सामील होत आहात. न्यूनगंड बाळगायचं काहीही कारण नाही.

व्यवहारात खालील अर्थ पाठ करा. ‘इमिजिएटली’ म्हणजे जेवणानंतर. ‘जस्ट नाउ’ म्हणजे अजून घरातून निघालेलो नाही. ‘शॉर्टली’ म्हणजे पुढच्या महिन्यात, आणि कुणी ‘व्हेरी शॉर्टली’ लिहिलं तर त्यांनी फाइल हरवली आहे असं समजा. ‘ऑलरेडी’चा अर्थ सगळ्यात नाजूक. ‘सर, ऑलरेडी पाठवलंय’ हे वाक्य आत्मविश्वासाने उच्चारा, फोन ठेवा, आणि मग लॅपटॉप उघडून पाठवायला लागा. साहेबांनी ‘मला नाही आलं’ म्हटलं की ‘सर्व्हर’ म्हणा.

पायरी ५. वारंवारतेची क्रियाविशेषणं, म्हणजे घरची.

ऑलवेज, नेव्हर, यूज्वली, समटाइम्स. नियम सोपा आहे: मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘ॲम-इज-आर’च्या नंतर. म्हणजे ‘आय ऑलवेज कम लेट’ आणि ‘आय ॲम ऑलवेज लेट’. हा नियम वाचून झाला असल्यास विसरून जा, कारण या गटाचा खरा सराव पुस्तकात होत नाही.

मध्यमवर्गीय मराठी घरातलं भांडण ऐकलंय का? सुरुवात मराठीत होते. दूध, गॅस, सासूबाई, मुलाचं प्रोजेक्ट. आवाज चढतो तरी मराठीतच असतो. मग एका विशिष्ट क्षणी कुणीतरी म्हणतं, ‘यू ऑलवेज डू धिस.’ तिथून पुढे प्रकरण गंभीर. समोरून ‘यू नेव्हर लिसन’ येतं. शेजाऱ्यांना आतापर्यंत सगळं कळत होतं, आता त्यांना फक्त ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ ऐकू येतं आणि तरीही सगळं कळतं. ‘समटाइम्स’ हा शब्द वापरला तर भांडण विझतं, कारण तो बहुधा खरा असतो. नवशिक्यांनी तो टाळावा.

पायरी ६. प्रमाण.

‘व्हेरी’ म्हणजे खूप. ‘टू’ म्हणजे नको इतकं. यजमानीणबाईंना ‘इट वॉज टू टेस्टी’ सांगा. व्याकरणाने ती तक्रार आहे, पण त्या आणखी दोन पुरणपोळ्या वाढतील. मग तिसरी वाढायला आल्या की ‘टू मच’ म्हणा. हेही कौतुक समजलं जाईल. इथून सुटका नाही.

पायरी ७. कचेरी.

इथे क्रियाविशेषणाचं खरं साम्राज्य आहे. एका साध्या वाक्याने सुरुवात करू: ‘काइंडली डू द नीडफुल.’ म्हणजे कृपया जे काही करायला हवं ते करा. काय करायला हवं, ते पाठवणाऱ्याला माहीत नाही. घेणाऱ्यालाही माहीत नाही. पण ‘काइंडली’मुळे जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतक्या अलगद जाते की कुणाला ओझं जाणवत नाही. ज्या पत्राच्या शेवटी हे वाक्य आहे ते पत्र वाचायची गरज नसते, आणि ज्याच्या शेवटी ते नाही ते पत्र खरोखर कुणीतरी विचार करून लिहिलेलं असतं, तेव्हा ते आधी बाजूला ठेवा.

मग ‘पॉझिटिव्हली’. ‘सबमिट बाय मंडे पॉझिटिव्हली.’ इंग्लंडातल्या माणसाला वाटेल सोमवारी प्रसन्न चेहऱ्याने सादर करायचं आहे. आपल्याकडे याचा अर्थ असा, की मागच्या सोमवारी नुसतं ‘बाय मंडे’ लिहिलं होतं आणि कुणी केलं नाही. त्यापुढे ‘विदाउट फेल’ आलं तर हे तिसरं स्मरणपत्र. ‘फोर्थविथ’ दिसलं तर प्रकरण मंत्रालयातून आलं आहे किंवा कोर्टातून. तेव्हा तुम्ही स्वतः काही न करता ते खाली पाठवा, अर्थातच फोर्थविथ.

‘ड्युली’ला विसरू नका. अर्ज ड्युली फिल्ड, ड्युली साइन्ड, ड्युली स्टॅम्प्ड हवा. नुसता भरलेला, सही केलेला, शिक्का मारलेला अर्ज खिडकीतून परत येतो. फरक काय, असं विचाराल तर खिडकी बंद होते. जेवणाची वेळ.

आता थोडं मैदानी काम. कोणत्याही सोसायटीच्या फाटकापाशी जा. तिथे एक पाटी असेल: ‘पार्किंग प्रोहिबिटेड’. तिच्याखाली एक ॲक्टिव्हा उभी असेल. सेक्रेटरींच्या लक्षात येतं की मनाई कमी पडते आहे. नवी पाटी येते: ‘पार्किंग स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’. आता ॲक्टिव्हाशेजारी एक वॅगन-आरही येते, कारण ‘स्ट्रिक्टली’ लिहिलंय म्हणजे साधी मनाई इतर ठिकाणी असणार आणि तिथे जागा मिळणार नाही, हे ड्रायव्हरला कळतं. मग तिसरी पाटी, लॅमिनेट केलेली, चारही कोपऱ्यांना सेलोटेप, एक कोपरा पावसाने सुटलेला, मोठ्या ठळक अक्षरांत आणि तीन उद्गारचिन्हांसह. त्यात ‘ॲब्सोल्यूटली’ येतं आणि खाली ‘टायर्स विल बी डिफ्लेटेड’. बघा, इथे कुठेतरी क्रियापद शिरलं. आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी जागा मोकळी असते. अशा अपवादांनी खचून जाऊ नका. आठवड्याभरात कुणाचीही हवा जात नाही हे सगळ्यांना कळतं आणि ॲक्टिव्हा परत येते.

पत्राचा शेवट हे एक शास्त्र आहे. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं नावही ठाऊक नाही, ज्याला नुसतं ‘डिअर सर’ म्हटलं, त्याच्याशी तुम्ही ‘फेथफुली’ असता. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याच्याशी ‘सिन्सिअरली’. म्हणजे माणूस जितका अनोळखी तितकी निष्ठा जास्त, ओळख झाली की नुसता प्रामाणिकपणा. नियम ब्रिटिश आहे, आणि त्यांचं इथलं राज्यही साधारण याच तत्त्वावर चाललं. शाळेतून रजेचा अर्ज लिहायचा असेल तर ‘युअर्स ओबिडियंटली’. तापाने फणफणलेला विद्यार्थीसुद्धा आज्ञाधारक असतो. न फणफणलेला तर नक्कीच.

पायरी ८. बोलण्यातली क्रियाविशेषणं.

आता तुम्ही तोंड उघडायला तयार आहात. आणि इथे मी तुम्हाला सगळ्यात मोठं गुपित सांगतो: इंग्रजी बोलायची गरजच नाही. मराठीत बोला, मधूनमधून क्रियाविशेषण टाका. हा नमुना पाठ करा आणि एफसी रोडवरच्या कुठल्याही कॅफेत जाऊन वापरा: ‘ॲक्च्युअली काय झालं ना, बेसिकली मी ऑलमोस्ट निघालेच होते, पण ऑनेस्टली मला लिटरली कंटाळा आला, सो ऑब्व्हियसली मी नाही गेले.’ यात घडलेली गोष्ट एकच: ती गेली नाही. पण ऐकताना केवढा प्रवास झाल्यासारखा वाटतो.

प्रत्येकाचं काम नीट समजून घ्या. ‘ॲक्च्युअली’ बोलायला सुरुवात करण्यासाठी. ‘बेसिकली’ आपल्याला विषय कळलेला नाही हे लपवण्यासाठी. ‘ऑब्व्हियसली’ समोरच्यालाही तो कळू नये म्हणून. स्पष्टच आहे म्हटल्यावर विचारणार कोण? ‘ऑनेस्टली’ जपून वापरा, कारण मग आतापर्यंत काय बोलत होतात असा प्रश्न उरतो. ‘डेफिनेटली’ लिहिताना मध्ये ‘ए’ घाला, सगळे घालतात. लग्नाला येणार का, या प्रश्नाचं ‘डेफिनेटली’ हे उत्तर आलं की केटररला एक ताट कमी सांगा.

‘लिटरली’वरून काही जुने शिक्षक नाराज होतील. त्याचा अर्थ ‘शब्दशः’. तुम्ही ‘मी लिटरली मेले’ म्हणता आणि दुसऱ्या मिनिटाला कोल्ड कॉफी मागवता. त्यांना सांगा की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २०११ मध्ये हा अतिशयोक्तीचा अर्थही नोंदवला आहे. दोन वर्षांनी ते वर्तमानपत्रांच्या लक्षात आलं, तेव्हा इंग्लंडात केवढा आरडाओरडा झाला. ‘होपफुली’चंही असंच. ‘आशा आहे की’ या अर्थी ते वापरू नये म्हणून अमेरिकेत काही दशकं डोकेफोड झाली आणि शेवटी २०१२ साली असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने हात टेकले. जे अमेरिकेला थांबवता आलं नाही ते तुमच्या वर्गशिक्षिकेला थांबवता येणार नाही. होपफुली.

एक इशारा. स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकाराने २००० साली लेखनकलेवर एक पुस्तक लिहिलं, त्यात क्रियाविशेषणांना बरंच झोडपलं आहे. नेमकं क्रियापद सापडलं तर क्रियाविशेषण कशाला, असा त्याचा सूर. लेखकांना असले चोचले परवडतात. त्याला कधी ‘रिक्वेस्टेड टू काइंडली एक्सपिडाइट’ असं स्मरणपत्र पाठवावं लागलं नसेल.

पायरी ९. अंतिम सराव.

खालील मेल जशीच्या तशी टंकून साहेबांना पाठवा. ‘रिस्पेक्टेड सर, ॲज ऑलरेडी डिस्कस्ड टेलिफोनिकली, द रिपोर्ट इज ऑलमोस्ट रेडी ओन्ली, अँड विल बी ड्युली सबमिटेड शॉर्टली, पॉझिटिव्हली बाय मंडे इटसेल्फ. काइंडली बेअर. युअर्स सिन्सिअरली.’ यात अहवाल कुठे आहे ते शोधू नका. तो नाही.

आता उत्तराची वाट बघा. ‘ड्युली नोटेड’ असं आलं तर निर्धास्त झोपा. सोमवारी कुणी काही विचारणार नाही, त्या पुढच्या सोमवारीही नाही. ‘काइंडली एक्सपिडाइट’ आलं तर साहेबांनाही वरून तशीच मेल आली आहे, ती त्यांनी खाली ढकलली. पण नुसतं ‘नोटेड’ आलं, मागेपुढे काहीही न लावता, तर आज रात्री जागून अहवाल लिहायला घ्या.